खालची पेटी

योगराज राहांगडाले जिना चढून वर आले, तेव्हा भागीरथाबाई एका नवरदेवाचा फोटो उलटा धरून बघत होत्या.

"उलटा काऊन, ताई?" टेकचंदने विचारलं.

"सुलटा धरला की हा हसते. मग माझं मन वळते."

गोंदियात खाजगी गुप्तहेराकडे येणारं काम बहुतेक असंच. मुलगा पितो का, जमीन खरंच नावावर आहे का, मुलीचं आधी कुठे जुळून मोडलं होतं का. भागीरथा बोपचे हे काम कितीतरी वर्षं करत होत्या आणि टेकचंद बिसेन त्यांना स्कूटरवरून फिरवत होता. त्याआधी त्याने विमा विकून बघितला होता. पण लोक 'नको' म्हणाले की तो लगेच 'बरं' म्हणायचा.

राहांगडाले हे गोंदियालगतच्या कुडव्याच्या रक्तसेवा केंद्राचे सचिव. नेहमी इस्त्रीत असणाऱ्या या माणसाच्या शर्टाची आज वरची दोन बटणं चुकीच्या काजात होती.

"बाई, चोरी झाली. पोलिसांत जाता येत नाही."

"काय गेलं?"

"तळहाताएवढ्या दोन डिस्क. आणि त्यांच्यासोबत सगळंच."

त्यांनी सांगितलं ते असं. केंद्रात सिकलसेलचे रुग्ण येतात. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग ठणकतं, पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. कोण रुग्ण आहे, कोण वाहक आहे, म्हणजे कोणाच्या अंगात तो आजार नुसताच मुक्काम करून आहे, कोणाचं रक्त कोणाला चालतं, ही सगळी नोंद केंद्रातल्या कॉम्प्युटरवर होती. नोंदीत नाव निघालं की मुलीची सोयरीक मोडते, म्हणून संस्थापक डॉक्टरांनी गावोगावी वचन दिलं होतं: ही माहिती इंटरनेटला कधीच जोडणार नाही, आणि तिची प्रत एकच राहील.

"मग आता काय बिघडलं?"

"जुनी मशीन मरायला टेकली होती. नवीन तीन सर्व्हर घेतले. नोंद एकातच नाही राहत त्यात. प्रत्येक माणसाची माहिती तुकडे करून तिन्हींत वाटलेली. एक बंद पडली तरी बाकी दोघी सांभाळून घेतात." राहांगडाले क्षणभर अभिमानाने बोलले आणि लगेच खाली बसले. "वॉर्डात सोनू आहे, देवरीकडचा. लहान पोरगं. इतक्यांदा रक्त चढलं की आता त्याचं अंग कोणाचंही रक्त घेत नाही. दोनतीन दातेच चालतात. दात्यांना आम्ही नंबरानं ओळखतो, नावं फक्त त्या नोंदीत. नागपुरात नवा दाता शोधायचा तर आठ-पंधरा दिवस. डॉक्टर म्हणतात, तेवढं हे पोरगं थांबणार नाही."

भागीरथाबाईंनी नवरदेवाचा फोटो पाकिटात घातला. "टेकचंदभाऊ, किक मारा."

*

केंद्राच्या भिंतीला लागूनच राईस मिल. तिची चिमणी दिवसभर भुशाचा धूर सोडते आणि काळी बारीक राख केंद्राच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींवर, उभ्या गाड्यांवर पडते. टेकचंदने स्कूटर लावली तोवर सीटवर राख बसलीही.

सर्व्हरच्या खोलीत थंडी होती. लोखंडी मांडणीत तीन काळ्या पेट्या, एकीवर एक. तिन्हींवर कुंकवाची बोटं. जमिनीवर मांडी घालून प्राची कटरे बसली होती, नागपूरच्या कंपनीची इंजिनिअर, मूळची नागऱ्याची. रडून झालेलं दिसत होतं.

"सगळे मलाच बघून राहिलेत," ती म्हणाली. "पासवर्ड माझ्याकडेच होता ना."

"आधी सांग, बेटा, हे काम करतात कसं? आम्हा दोघांना कळेल असं."

"इंटरनेट असलं तर मशीन हवं ते स्वतः उतरवून घेते. इथे सगळं नागपूरहून डिस्कवर भरून आणावं लागतं. आणि एक सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की ते दुसरं मागतं, दुसरं तिसरं मागतं. वरची आणि खालची पेटी झाली. मधलीसाठी एक तुकडा कमी पडला. तो आणायला मी काल दुपारी नागपूरला गेले. सकाळी येऊन बघते, तर खालच्या पेटीच्या डिस्क नाहीत."

"पण एक गेली तर बाकी दोघी सांभाळतात म्हणे," टेकचंद म्हणाला. आपल्याला समजलं याचं त्याला बरं वाटलं होतं.

"बाकी दोघी कुठे आहेत, काका? मधली अजून जोडलीच नव्हती. खालची गेल्यावर उरली एकटी वरची. तिच्यातल्या अर्ध्या तुकड्यांतून एक नावही वाचता येत नाही."

"आणि जुनी मशीन?"

"पुसली. मी म्हटलं होतं, दोन दिवस राहू द्या."

राहांगडाले दाराशी उभे होते. ते आपल्या बुटांकडे बघत म्हणाले, "नियम आहे. एकच प्रत."

भागीरथाबाई जमिनीवर वाकल्या. खालच्या पेटीसमोर चाकांवरची अवजड बॅटरी होती. ती बाजूला ढकलल्याचे फरशीवर ताजे ओरखडे होते. वरच्या पेटीच्या डिस्क उभ्याउभ्या, ड्रॉवर ओढावा तशा निघाल्या असत्या.

"या पेट्यांना काही नाव आहे का?"

"पेट्यांच्या पूजेच्या दिवशी राहांगडाले सरांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या," प्राची म्हणाली. "इंग्रजी नंबर कोणाच्या तोंडात बसेनात. वरची आमगाव, मधली देवरी, खालची सालेकसा. आपल्याच तालुक्यांची नावं, नुसती हाक मारायला. पण चिठ्ठ्यांनी हवेची भोकं बुजत होती, मी त्याच संध्याकाळी काढून टाकल्या."

"तुकडे करून वाटायचं ते तू सगळ्यांना समजावलं होतं?"

"पोहे गार होईपर्यंत समजावलं. सर होते. देवकाबाई सिस्टर वर वॉर्डात प्रसाद द्यायला गेल्या होत्या. शिपाई खुशालभाऊ तर कचारगडच्या जत्रेला."

"खोलीची किल्ली?"

"नर्सच्या खोलीत, खिळ्याला," राहांगडाले पुटपुटले.

"बरं केलं. इंटरनेटपासून वाचवलं, खिळ्याला टांगलं. आणि आज कोणाकोणाला काय सांगितलंत?"

"एवढंच, की चोरी झाली आणि सगळं गेलं. सकाळपासून खोलीत कोणाला येऊ दिलं नाही."

*

खुशाल शेंडे, केंद्राचा शिपाई, फाटकाशी तंबाखू मळत होता.

"मी परवा आलो जी जत्रेहून. येऊन पाहतो त तीन पेट्या. त्यायले एसी. आमच्या खोलीत पंखा नाही."

"त्यातली सालेकसा कोणती?"

खुशालने हात वर करून पार पूर्वेकडे दाखवला. "सालेकसा? ते तिकडे, आमगावच्या पुढं. मोटरसायकलनं जाता का रेल्वेनं?"

टेकचंदला हसू आलं. भागीरथाबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडून चिमूटभर तंबाखू घेतली आणि पदराच्या टोकात बांधली. असं त्या समाधान झालं की करायच्या.

वर वॉर्डात देवकाबाई सलामे सोनूच्या उशाशी होत्या. केंद्रातल्या सगळ्यात जुन्या नर्स. पोराचे ओठ पांढरट पडले होते आणि डोळे हळदीच्या पाण्यासारखे. तो त्यांच्या अंगठ्याशी खेळत होता.

"मोठीआई, सुई आज नाही ना?"

"आज नाही रे राजा. आज सुट्टी."

त्या पाहुण्यांना बाहेर घेऊन आल्या आणि डब्यातून बेसनाचे लाडू काढले. दुःखाच्या घरातही त्यांना रिकाम्या हाताने कोणाला पाठवता येत नसावं.

"घ्या जी. माझ्या रविताचं जमलं. अक्षय तृतीयेले मांडव."

"कुठलं स्थळ?"

"आमच्या सालेकसाचंच. सासू तिथंच उपकेंद्रात सिस्टर हाये. समजदार बाई."

"चोरीचं कळलं ना?"

"कळलं. सर म्हणाले, सगळं गेलं." देवकाबाईंनी डब्याचं झाकण दोनदा लावलं. मग हळूच विचारलं, "पण देवरीचं त असेल ना जी शाबूत? आमगाव, देवरी?"

"ते प्राचीला माहीत," भागीरथाबाई म्हणाल्या.

जिना उतरताना टेकचंद कुजबुजला, "ताई, मला तर राहांगडाल्यांचाच संशय येऊन राहिला. जुनी मशीन पुसायची घाई त्यांनाच होती."

"घाई होतीच. त्याचा हिशोब वेगळा." त्या थांबल्या. हातातला लाडू त्यांनी खाल्ला नव्हता. "सरांना एकच विचारायचं राहिलं."

सरांना त्यांनी विचारलं, "या नव्या सॉफ्टवेअरनं होणार काय होतं?"

"दर महिन्याला त्या त्या तालुक्याची यादी पेनड्राइव्हनं उपकेंद्रांत जाणार. कोण रुग्ण, कोण वाहक, तिथल्या सिस्टरला एका बोटावर दिसणार. स्टाफला आधीच सांगितलंय."

"आणि डॉक्टरांचं वचन?"

"ते इंटरनेटपुरतं होतं," राहांगडाले म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं.

*

सगळे सर्व्हरच्या खोलीत जमले. देवकाबाई दाराला टेकून, खुशाल बाहेर पाऊल आत पाऊल. टेकचंद एसीखाली कुडकुडत होता आणि त्याला अजून काहीच उमगलं नव्हतं.

"प्राचीनं हे केलं नाही," भागीरथाबाईंनी सुरुवात केली. "तिला नाश करायचा असता तर खुर्चीत बसून चार अक्षरं टाइप केली असती. डिस्क उपसत बसली नसती. चोर कॉम्प्युटरवाला नाही, तो हातानं काम करणारा आहे."

प्राचीने मान वर केली.

"आता, वरची पेटी समोर असताना चोरानं अवजड बॅटरी ढकलून, जमिनीवर बसून खालचीच पेटी का उघडली? कारण त्याला तीच हवी होती. ती सालेकसा होती. त्याला वाटलं, सालेकसाच्या पेटीत सालेकसाची माणसं असतात."

"पण तसं नसतं!" टेकचंद म्हणाला.

"हे तुम्हाला माहीत, भाऊ. सरांनाही माहीत, त्यांनीच आपल्याला समजावलं. म्हणजे सरही नाहीत. खुशालला तुकड्यांचं माहीत नव्हतं. पण पूजेला तो नव्हता आणि तो येईपर्यंत चिठ्ठ्या निघाल्या होत्या. सालेकसा विचारलं की तो अजूनही पूर्वेला हात करतो. उरलं असं माणूस, जे पूजेत होतं, ज्यानं नावं पाहिली, पण समजावताना जे वर प्रसाद द्यायला गेलं होतं."

खुशालची नजर दाराकडे गेली.

"सरांनी सगळ्यांना सांगितलं, सगळं गेलं. सगळ्यांनी मान्य केलं. एकानंच मला विचारलं, देवरी-आमगाव शाबूत असेल ना? सालेकसाचं विचारलंच नाही. ते गेलंय हे ज्याला आधीच माहीत, तोच असं विचारेल. आणि ज्या घरच्या मुलीची सासू सालेकसाच्या उपकेंद्रात ती यादी उघडणार, त्यालाच ती यादी नको असेल." भागीरथाबाईंचा आवाज इतका खाली आला की टेकचंदला पुढे सरकावं लागलं. "रविता वाहक आहे ना, देवकाबाई?"

देवकाबाई रडल्या नाहीत. "हाये. दिसत नाही, दुखत नाही. दोन सोयरिका मोडल्या तिच्या. एकानं त लुगडं परत पाठवलं." त्यांनी राहांगडाल्यांकडे बघितलं. "मी त गावोगावी फिरून लोकायले सांगितलं होतं जी, तुमचं नाव बाहेर जाणार नाही. माझ्या तोंडानं सांगितलं. मग तुमी यादी छापाले निघाले."

"डिस्क कुठे आहेत?" राहांगडाले पुढे झाले. "देवकाबाई, डिस्क द्या, मी कोणाला काही बोलत नाही. आत्ता द्या!"

देवकाबाईंनी खिडकीकडे बोट केलं. चिमणी धूर सोडत होती.

"काल सांजच्यालाच मिलच्या भट्टीत टाकले. म्हटलं, राहालेच नाही पाहिजे." मग घाईने, सगळ्यांना धीर द्यावा तशा म्हणाल्या, "पण सोनूची काळजी नका करू. सोनू देवरीचा. म्हणून त मी मधल्या पेटीले हातच नाही लावला. काढ ना बाई प्राची, त्याच्या दात्याची नावं काढ. काऊन बसून राहिली?"

प्राची उठली आणि मधल्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली.

"ही रिकामी आहे, काकू. हिच्यात कधी काही नव्हतंच."

देवकाबाईंनी त्या पेटीकडे बघितलं. तिच्यावरची कुंकवाची बोटं त्यांचीच होती. त्या हळूहळू खाली बसल्या. वरून बारीक आवाज आला, "मोठीआई..."

देवकाबाई उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि "आली रे" म्हणत जिना चढू लागल्या. चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबून मागे न बघता म्हणाल्या, "त्याच्यासाठी एक दाता येत होता. नाव नाही माहीत, आमाले नंबरच दिसे. चिचगडाकडून येतो म्हणे. उजव्या हाताले सहा बोटं. नस पाहताना मी ते सहावं बोट धरून ठेवत होती."

*

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

"पोलिसांना सांगायचं का?" राहांगडाल्यांनी विचारलं.

"सांगा. तुमचं नावही सांगा, आणि नियमाचंही," भागीरथाबाई म्हणाल्या आणि स्कूटरकडे चालू लागल्या.

"ताई, चिचगडला पोचायलाच रात्र होईल," टेकचंद म्हणाला. "तिथे पन्नास गावं, सगळी जंगलात. माणसाचं नाव नाही. तो जिवंत आहे का, गाव सोडून मजुरीला गेला का, तेही नाही माहीत."

"नाही माहीत."

"मिळणार नाही तो."

"बहुतेक नाही मिळणार."

त्या मागे बसल्या. टेकचंदने नेहमीसारखं 'बरं' म्हटलं. सीटवरची, हँडलवरची राख त्याने हाताने झटकली आणि किक मारायच्या आधी उगाचच तळहात उघडून बघितला. मऊ, काळी राख होती. ती नुसती भुशाची होती की त्या दोन डिस्कचीही, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. त्याने तो हात पँटला पुसला नाही. तसाच हँडलवर ठेवला.