पाणंदीतली सोबत

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. नाचणी पाखडताना ताईनं माझ्याकडून वचन घेतलं, की यातलं अक्षरही आई-आबांच्या कानावर जाता कामा नये. पण लिहायचं नाही, असं काही ती म्हणाली नव्हती. आज सकाळच्या एसटीनं ती परत कॉलेजला गेली. आई-आबा खळ्यावर आहेत. घरात मी एकटीच आहे, तेव्हा उजेड आहे तोवर लिहून काढते.

ताई म्हणजे हर्षाली. आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. भात आणि नाचणी, याखेरीज तिथं फार काही पिकत नाही. या वाडीतून इंजिनिअरिंगला गेलेली पहिली मुलगी ती. अवसरी खुर्दला नंबर लागला तेव्हा आबांनी वाडीभर पेढे वाटले आणि त्याच हातानं अट घातली.

हॉस्टेलात जागा मिळाली नव्हती. कॉलेजपासून जरा आत, मळ्यात राहणाऱ्या कुशाबाईंकडे तिला खोली मिळाली. डांबरी रस्ता सुटला की त्यांच्या घरापर्यंत एक पाणंद जाते, आणि पाणंदीच्या दोन्ही अंगांना डोक्याच्या वर ऊस. आमच्या डोंगरात ऊस नाही. पण त्या भागातल्या उसात बिबट्या असतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"सोबत असंल तर ऱ्हा," आबा म्हणाले. "येकटी त्या वाटंनं यायचं न्हाई. सोबत न्हाई मिळाली तर भातकापनीला घरी ये, ते कायमची. जिवापरीस शिक्षान मोठं न्हाई."

ताई "हो" म्हणाली. सोबत काय, मिळेल कुणीतरी, असं तिला वाटलं होतं.

पण कॉलेजात पहिले दिवस तिला फार जड गेले. मुलींचे घोळके आधीच जमलेले, बोलणं भराभर, अर्धं इंग्रजी. वर्गात स्वतःची ओळख करून द्यायला उभी केली तेव्हा तिला नावही धड सांगता आलं नाही आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "अगं, नाव तरी सांग, आधार कार्ड नाही मागत आम्ही!" सगळे हसले. ताईही हसली, आणि मग दिवसभर कुणाशी बोलली नाही.

त्या संध्याकाळी आबांचा फोन आला. "सोबत कोन हाय?"

"जया," ताई म्हणाली. नाव कसं तोंडात आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"कुठली?"

"निमगाव सावाची. माझ्याच वर्गात आहे. शेजारच्याच मळ्यात राहते."

आबा निश्चिंत झाले, आणि ताई अडकली.

कुशाबाईंच्या मळ्यात एक रीत होती. पाणंदीत कुणाचा पाय वाजला की कुशाबाई ओट्यावरून हाळी घालायच्या, "कितीजन हाय?" आणि येणाऱ्यानं आपण आहोत त्याहून जास्त आकडा ओरडून सांगायचा. जनावर घोळक्याच्या वाटेला जात नाही म्हणतात. दूध घालायला येणारा गोकुळ मोटरसायकलवर एकटाच असायचा, तरी बोंबलायचा, "वऱ्हाड हाय मावशी! नवरदेव बी हाय!"

"तुला कोन पोरगी देतंय मेल्या!" कुशाबाई इकडून ओरडायच्या.

ताईला मात्र असं ओरडायची लाज वाटे. म्हणून तिनं दुसरा उपाय काढला. पाणंदीत शिरली की ती मोठ्यानं जयाशी बोलायला लागे. आवाज तर झाला पाहिजे ना! आणि आबांना सांगितलेलं थोडंफार तरी खरं केल्यासारखं वाटे.

"जया, आज मॅडमनी मला पुन्हा उभी केली गं. आज निदान नाव तरी नीट सांगितलं मी."

आधी चार वाक्यं, मग पाणंदभर बोलणं. आमची गाय चंद्री, तिचं एक शिंग कसं खाली वळलंय. आई भाकरी थापताना कुठलं गाणं गुणगुणते. आबा रागावले की कान कसे लाल होतात. घरात एक धाकटी आहे, फार बोलत नाही, पण सगळं बघते. उद्या वर्गात जे सांगायचं ते ती आधी जयाला सांगून बघायची. चुकलं की थांबून पुन्हा पहिल्यापासून. बोलून बोलून जीभ सुटली. दसऱ्याच्या आसपास तिनं सगळ्या वर्गापुढं फळ्याजवळ उभं राहून गणित समजावून दिलं. मागच्या बाकावरची तीच मुलगी नंतर जवळ येऊन म्हणाली, "मला पण शिकव ना." त्या दिवशी ताई पाणंदीतून जवळजवळ नाचतच आली.

ओट्यावर कुशाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "ती आत का येत न्हाई गं कदी? च्या तरी घेऊन जाईल."

"कोण, मावशी?"

"तुझी मैतरीन. रोज फाटकापत्तुर येती आन् मागं फिरती."

मावशी चेष्टा करताहेत असं वाटून ताई हसली. कुशाबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ताईचं लक्ष जायला लागलं. वनखात्यानं पाणंदीच्या कडेला पिंजरा लावला होता, आत एक शेळी असायची. ताईची चाहूल लागली की ती शेळी ओरडायची. आता ती ओरडेनाशी झाली. ताई जवळ आली की पिंजऱ्याच्या पार कोपऱ्यात सरकायची आणि ताईकडे न बघता तिच्या डाव्या खांद्याच्या मागं बघत राहायची.

वारा पडलेला असायचा. उसाचं पातंही हलत नसे. सावलीत ओल्या पाचटाचा कुबट वास दाटलेला. ताई बोलत असे तोवर ठीक. मध्येच ती थांबली, की डाव्या हाताला पाचट एकदाच वाजे... एक पाऊल पुढं पडून मग थांबल्यासारखं. जणू तिच्याबरोबर चालणाऱ्या कुणाला थांबायला किंचित उशीर झाला होता.

त्या संध्याकाळी तिनं कुशाबाईंना सगळं सांगितलं. आबांशी बोललेलं खोटंसुद्धा.

कुशाबाईंनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "नाव घेतलंस तू?"

"हो. का?"

"आगं, आकडा सांगावा. चार म्हनावं, चाळीस म्हनावं. आकड्यात कोनाचं तोंड नसतं. पन नाव घिऊन कुनाला सोबत बोलवू नये." त्यांचा आवाज खाली आला. "नाव घेतलं की कुनीतरी ओ देतं."

"मग आता काय करू?"

"मला काय ठावं! आमच्यात कुनी आसं केलंच न्हाई."

ताई घाबरली. पण ती आता पहिल्या आठवड्यातली ताई राहिली नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी लाज बाजूला ठेवून, छाती भरून ती ओरडली, "आम्ही पाच आहोत!" आणि जयाचं नाव न घेता तोंड मिटून चालू लागली. पाचट वाजत राहिलं, तिच्या पावलाला पाऊल लावून. कुणी अंगावर आलं नाही, कुणी अडवलं नाही. फक्त... कुणीतरी रुसून शेजारून चालत असावं, आणि ही कधी बोलते याची वाट बघत असावं, तसं तिला वाटत राहिलं.

भातकापणी उरकली आणि आबांचा फोन आला. "उद्या येतो. तुझ्या जयाला बगायचं हाय. पोरगी कशी हाय, तिच्या घरचे कसे हायेत, वळख नको का?"

म्हणजे उद्या कॉलेज संपलं. रात्रभर विचार करून ताईनं ठरवलं, आता लपवायचं नाही. आबांना तोंडावर सांगायचं, जया नावाची कुणी नाही. मी एकटीच चालते, आणि तरीही मी राहणार आहे. वर्गापुढं बोलता येतं, तर बापापुढं का येऊ नये? आबांची एसटी मंचरला संध्याकाळी यायची होती. तिथून ते वडापच्या जीपनं येणार होते. ताई सांजेपर्यंत ओट्यावर उभी राहून तेच वाक्य मनात घोळवत होती.

ऊन उसाच्या तुऱ्यांवरून उतरलं तेव्हा पाणंदीतून आबा येताना दिसले. खांद्यावर तांदळाचं गाठोडं. ते एकटे होते, पण बोलत होते, हसत होते, मान डावीकडं वळवून. कुशाबाई हाळी घालायलाच विसरल्या. फाटकाशी आल्यावर आबा थांबले, उसाकडं तोंड करून म्हणाले, "बरं बरं, जा मग. वाडीला ये येकदा, आँ?" आणि आत आले.

ताईनं तोंड उघडलं. "आबा, ती जया..."

"आगं भेटली की!" आबा गाठोडं उतरवत म्हणाले. "रस्त्यालाच हुभी व्हती, माजी वाट बगत. लई गोड पोरगी. लई बोलकी! आपल्या चंद्रीचं शिंग तिला ठावं, तुजी आय कुठलं गानं म्हनती ते ठावं. माजे कान लाल व्हत्यात म्हनून हसली बी. आवाज तर येवढा तुज्यावानी, की आधी मला वाटलं तूच हायेस. तोंड काय नीट दिसलं न्हाई, उसाच्या कडंकडंनं चालत व्हती."

घोळवून ठेवलेलं वाक्य सोडून ताई फाटकाबाहेरच्या उसाकडं बघायला लागली.

"आता मला घोर न्हाई," आबा म्हणाले. "ऱ्हा तू. शिक."

कुशाबाईंनी उठून फाटकाला कडी घातली. चहा करताना त्या हळूच ताईला म्हणाल्या, "तुझं काम केलंया तिनं. आता बोलनं तोडू नगं. रुसलेलं मानूस वाईट आसतं."

तेव्हापासून ताई पाणंदीत पुन्हा बोलते. पहिल्या सत्राचे सगळे विषय सुटले. स्नेहसंमेलनात तिनं सूत्रसंचालन केलं, आणि मागच्या बाकावरची ती मुलगी आता तिच्या डब्यातली नाचणीची भाकरी हक्कानं ओढून खाते. सुट्टीत घरी आली तेव्हा मी बघतच राहिले, एवढी ताठ मानेनं चालत होती. "भीती वाटत नाही का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "वाटते. पण भिऊन घरी बसले असते तर आयुष्यभर इथंच भीत बसले असते. ती पाणंदीतली आहे. पाणंदीबाहेर येत नाही."

मला ते पटलं. दहावी झाली की मी पण तिकडंच डिप्लोमाला जाणार आहे. आबाच म्हणाले. जयानंच त्यांना त्या दिवशी सुचवलं होतं म्हणे, "मोहिनीला पुढच्या वर्षी इकडंच घाला, मी आहे ना सोबतीला."

हे आबांनी काल जेवताना सांगितलं. ताई ताटावरून उठली. नंतर अंगणात तिनं माझा दंड घट्ट धरला. पाणंदीत ती नेहमी 'धाकटी' एवढंच म्हणायची. माझं नाव तिनं तिथं एकदाही घेतलेलं नाही, ती शपथेवर सांगत होती. मग ते नाव...

आता दिवस मावळायला आलाय. आमच्या डोंगरात ऊस नाही, त्यामुळे मला तशी भीती नाही. फक्त अंगणात मघापासून काहीतरी वाजतंय, पेंढ्यावर कुणी उभं असल्यासारखं, आणि गोठ्यात चंद्री एकदम गप्प झालीय. बहुतेक आई आली अस... नाही, ताई हाक मारतेय. "मोहिनी, ए मोहिनी," अशी. मंचरहून पुढची एसटी चुकली वाटतं तिची. ओ, आले गं ताई, एवढं एक वाक्य पुरं करते आणि