ऐंशीचा आकडा

वीज गेलेली. भाच्यांनी फारच गळ घातली तेव्हा मामा म्हणाले, "ऐकीव नाही हं. ऑपरेशन थिएटरमध्ये माझ्याबरोबर कामाला होता, त्याची गोष्ट. बोका म्हणायचो आम्ही त्याला. मोठ्या डॉक्टरांच्या पायात घोटाळायचा म्हणून."

मंगळवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. पहाटे ऑपरेशन होतं, म्हणून बोका भुलेचं मशीन तपासायला एकटाच गेला. पेशंटच्या कपाळाला एक पट्टी चिकटवतात, तिच्यावरून मशीन आकडा दाखवतं. चाळीस म्हणजे गाढ झोप. शंभराकडे सरकला की माणूस जागा होतोय.

वर्षापूर्वी एका बाईंच्या वेळी आकडा ऐंशीवर गेला होता. भुलेचे डॉक्टर बाहेर फोनवर. मशीन ओरडू लागलं.

"पिरपिर बंद कर त्याची," सर्जन खेकसले.

बोक्यानं बटण दाबलं आणि कागदावर चाळीस लिहिले. बाईंना बोटही हलवता येत नव्हतं, सुरी मात्र कळत होती. पुढे त्यांनी टेबलाभोवतीचं बोलणं शब्द न् शब्द सांगितलं. सगळे म्हणाले, स्वप्न पडलं असेल. शेवटी त्या बोक्याच्या दारात आल्या.

"खरा आकडा सांगा. घरचेसुद्धा मला वेडी म्हणतात हो."

"चाळीस," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

महिन्याभरात बाई गेल्या.

तर त्या रात्री त्यानं मशीन सुरू केलं. पट्टी नुसतीच लोंबत होती. तरी आकडा आला.

बासष्ट. एकाहत्तर. ऐंशी.

बोका बटणाकडे वळला. हात उठेना. पाय गेले... पाठीला टेबलाचा गारठा लागला. वरचा दिवा डोळ्यांत आला.

"किती होता?" कानाशी बाईंचा आवाज.

ऐंशी. बाई, ऐंशी. तो आतल्या आत ओरडत होता. जीभ... हलेना.

"किती?"

...

"राहू दे," आवाज म्हणाला. "मलाही नव्हतं बोलता येत."



"पुढे?" भाचीनं हळूच विचारलं.

"सकाळी झाडूवाल्या मावशींना तो टेबलावर सापडला. डोळे सताड उघडे. दुपारी जीभ सुटली तशी सगळ्यांदेखत ऐंशी कबूल केले, लिहून दिलं. सर्जननी त्याच दिवशी हाकलला."

"झोप लागली असेल त्याला तिथंच," धाकटा म्हणाला.

"आम्हीही तेच म्हणालो. मग त्यानं सदरा वर केला. पोटावर सात टाके. ओले. आणि दोरा... आमच्याकडचा नव्हता."