सावलीतली खुर्ची

हातात चहाचा ग्लास घेऊन तो टेबलापुढच्या खुर्चीत येऊन बसला, कारण अख्ख्या कॅम्पात सावलीतली तेवढीच एक जागा होती. सुनेत्राने त्याला तोंड उघडायलाही वेळ दिला नाही. सकाळपासून तिच्याकडे एक माणूस फिरकला नव्हता. तिने त्याचा हात ओढला, बोट पुसलं आणि टोचलं.

"अहो... मी नुसता बसायला आलो होतो," तो म्हणाला. तेही मराठीत.

सुनेत्रा कानापर्यंत लाल झाली. पण आलेला थेंब वाया कशाला घालवायचा? तिने तो पट्टीवर घेतला आणि त्याला मान वर न करताच सांगितलं, की शुगर नॉर्मल आहे.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. सुनेत्रा दुबईतच वाढलेली, ऊद मेथा भागातल्या शाळेत शिकलेली आणि करामातल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये कामाला लागलेली. शहराबाहेर सोनापूरच्या लेबर कॅम्पातल्या कामगारांना दवाखाना परवडत नाही आणि वेळही मिळत नाही, म्हणून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी शुक्रवारच्या सुट्टीत तिथे मोफत तपासणीचं टेबल लावायला आल्या होत्या. टेबल होतं, औषधं होती. नव्हते ते फक्त पेशंट.

"हा कोट काढा," तो चहाचा घोट घेत म्हणाला.

"काय?"

"पांढरा कोट दिसला की यांना व्हिसाची मेडिकल आठवते. रक्तात काही निघालं की खलास, गावी परत. त्यात तुम्ही टेबल लावलंय ऑफिसच्या दारात. मुद्दाम कोण येईल?"

"तुम्ही आलात की."

"मी सावली बघून आलो," तो हसला. "पुढच्या शुक्रवारी काय बघून येईन, ते आत्ता सांगता येत नाही."

तो सुजीत. याच कामगारांच्या साइटवरचा इंजिनिअर. पुढच्या शुक्रवारी टेबल मेसच्या दाराशी लागलं, सुनेत्रा साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आली आणि पहिलं बोट सुजीतने पुढे केलं. साहेबांचं रक्त घेतलं तरी साहेब जागेवरच आहेत, हे बघून एकेक जण पुढे सरकू लागला. मग तो शिरस्ताच पडला. दर शुक्रवारी पहिलं बोट सुजीतचं. आठवड्यात शुगर बदलत नाही, असं ती त्याला बजावत असे आणि तरीही त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत असे. मैत्रिणींच्या ते नजरेतून सुटलं नव्हतं.

फक्त मेसचा आचारी खैरुद्दीन काही बधेना. पायाची जखम भरत नव्हती आणि सारखी तहान लागत होती. सुनेत्राला त्याची खरंच काळजी वाटत होती, पण तो जवळ येत नव्हता.

आणि एका शुक्रवारी सुजीतने बोट पुढे केलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याची बदली झाली होती. उद्यापासून रुवैस, पार वाळवंटाच्या टोकाला. सुनेत्राने टोचायची सुई तशीच खाली ठेवली आणि राग काढायला कुणी हवं म्हणून मेसच्या दारातल्या खैरुद्दीनवर घसरली. इतकं समजावूनही ऐकत का नाही म्हणून.

"मॅडम," खैरुद्दीन शांतपणे म्हणाला, "सबका लेती हो. अपना कभी दिया?"

मैत्रिणी खाली बघू लागल्या. त्यांना ठाऊक होतं. दिवसभर लोकांना टोचणारी सुनेत्रा स्वतःला सुई लावायची म्हटलं की लहान मुलीसारखी पळून जायची.

ती उठली. टेबलाला वळसा घालून पेशंटच्या खुर्चीत बसली आणि डोळे मिटून हात पुढे केला... सुजीतपुढे.

"तुम्ही टोचा. दुसऱ्या कुणाला नाही देणार मी हात."

सुजीतने तिचं बोट पुसलं, फुंकर घातली आणि टोचलं. तिने डोळे उघडले तेव्हा थेंब वाळत आला होता आणि तिचा हात अजून त्याच्याच हातात होता.

"सुनेत्रा, मला तुम्हाला सोडून जायचं नाहीये," तो म्हणाला. "लग्न कराल माझ्याशी?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुईमुळे नक्कीच नाही.

"हाथ छोडो साहब," खैरुद्दीन बोट पुसत पुढे आला. "अब मेरा नंबर है."

शुगर निघालीच, चांगली भरपूर. पण नुसत्या शुगरने व्हिसा जाणार नव्हता आणि आता पायही जाणार नव्हता. उद्या क्लिनिकमध्ये यायचं त्याने कबूल केलं. सुनेत्राने त्याच्या हातात गोळ्या ठेवल्या, पथ्य समजावलं आणि मग सुजीतकडे वळली.

"रुवैसला कॅम्प आहे?"

"मोठा आहे. टेबल मात्र कुणी लावत नाही."

"मग मेसच्या दाराशी जागा बघून ठेवा," ती म्हणाली. "सावलीतली. आणि खुर्च्या दोन सांगा, मी राहायलाच येणार आहे."