वारशेंडीच्या वीराला मारलेले दगड

विश्वास नाही ठेवलात तरी चालेल. दादाच्या कपाळावरचा टाक्यांचा व्रण खोटा नाही.

गेल्या डिसेंबरातला रविवार. भरदुपार. वज्रेश्वरीच्या पुढचं वारशेंडी शिखर.

तिथला वारा कधी पडत नाही. त्यासाठीच तर पर्यटक येतात.

माझा दादा सुमित वडपे गावातल्या गोदामात ड्युटी करतो, रविवारी भिवंडीहून माणसं वर नेतो. त्या दिवशी मीही होते.

शिखरावर एक दगड उभा आहे. त्यावर कोरलेला घोडेस्वार. पायथ्याच्या पाड्यातल्या लोकांचा वीर, म्हणजे त्यांचा मेलेला पूर्वज. ते येता-जाता त्याला झाडपाला वाहतात.

दादाने त्याचा वेगळाच इतिहास बनवला होता.

"हा गद्दार! यानेच इंग्रजांना वाट दाखवली. हाणा एकेक दगड!"

लोक हसायचे. हाणायचे. व्हिडिओ काढायचे.

पायथ्याला सरबत विकणारी ठकीमावशी त्या दिवशी धापा टाकत वर आली.

"सुम्या, माझा आजा हाय त्यो! वाट न्हाय दावली म्हणून मारला त्याला!"

"मावशी, गद्दार म्हटलं की पब्लिक येते. तुझंही सरबत खपतंय ना?"

"सरबत गेलं खड्ड्यात. त्यो ऐकतोय."

दादा हसला. स्वतःच दगड उचलला. मारला.

आणि वारा...

थांबला.

गवत हलेना. फडफडणाऱ्या ओढण्या लोंबल्या.

टक्.

दादाच्या पायाशी खडा.

"कोण रे तो?"

कोणाचाच हात वर नव्हता.

टक्. खांद्यावर.

टक्... कपाळावर. रक्त.

खडे वीराच्या मागून येत होते. मागे नुसता कडा. उभं राहायलाही जागा नाही.

ठकीमावशी दादाच्या पुढ्यात उभी राहिली. "आज्या, बस कर! मरंल त्यो!"

पुढचा खडा तिला वळसा घालून

दादालाच लागला.

टाके निघाल्यावर दादा माफी मागायला वर गेला. मावशीने पाला वाहिला. तो राहिला. दादाने वाहिला... उडाला. पुन्हा वाहिला. उडाला. शेजारी मावशीचं एक पानही हललं नाही.

दादा रडकुंडीला आला. "मावशी, तू सांग ना त्याला. माफ कर म्हणावं."

"म्या कशी सांगू? मार आज्यानं खाल्लाय."

दादाने रविवारचं काम सोडलं. रविवारी घरीच बसतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या बंद. काल जेवायला बसलो, आणि दादाच्या ताटात...

टक्.

"भातात खडा आला असेल," आई म्हणाली.

भात अजून वाढलाच नव्हता.