कानसेनांच्या मुलीचा चित्रपट

आमच्या मंडळाची बैठक दर रविवारी दुपारी दंतवैद्यांच्या दवाखान्यात भरायची. रविवारी दवाखाना बंद असे. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या लोखंडी पट्टीने एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे वाद कितीही पेटला तरी कोणाला खुर्ची उचलता येत नसे. भिंतीवर एका दाढेचं भलंमोठं चित्र होतं, अर्धी कापून आतलं दाखवणारं. ते उतरवलं की पांढरी भिंत मोकळी व्हायची आणि आमचं चित्रपटगृह तयार. प्रोजेक्टर हत्यारांच्या ट्रॉलीवर.

विषय ठरलेला: जगातला सर्वोत्तम लघुपट कोणता. प्रायोगिक चित्रपटही त्यातच धरायचे. लघुपट म्हणजे लांबीने छोटा की बघताना छोटा वाटलेला, यावर आमचा एक अख्खा हिवाळा गेला. प्रायोगिक म्हणजे ज्यात प्रयोग प्रेक्षकावर होतो तो, ही माझी व्याख्या माझ्या एकट्याच्या पाठिंब्यावर पडली. एक चित्रपट होता, त्यात एक गोगलगाय खिडकीची चौकट ओलांडते. डॉक्टरांना त्यात काळाचं दर्शन झालं. मला गोगलगाय दिसली. त्यावरून आम्ही दोघं बरेच दिवस एकमेकांशी फक्त बैठकीपुरतं बोलत होतो.

सभासद चार. दंतवैद्य, ज्यांना आम्ही डॉक्टर म्हणायचो. एक निवृत्त ग्रंथपाल बाई, ज्यांना खोटं बोलणं जमत नसे. तशी वेळ आली की त्या चष्मा पुसायला घेत आणि गप्प बसत. तिसरे कानसेन. जन्मभर चित्रपटांचे आवाज मुद्रित केलेला माणूस. बंद दाराआड कोण उभं आहे ते श्वासावरून सांगायचे, म्हणून हे नाव. आणि चौथा मी. वर्तमानपत्रात लोकांच्या टोप्या उडवायचं काम केलेलं. निवृत्त झाल्यावर टोप्या कमी पडू लागल्या, म्हणून डॉक्टर जे म्हणतील त्याच्या विरुद्ध बोलायचं, एवढ्यावर भागवत होतो.

मंडळाचा नियम एकच. निदान दोन सभासदांनी पाहिलेला असेल तोच चित्रपट चर्चेला घ्यायचा. पूर्वी आमच्यात एक बँकवाले होते. ते एकेका चित्रपटाचं असं वर्णन करायचे की ऐकताना डोळ्यांत पाणी यावं. ते गेल्यावर आम्ही शोधाशोध केली, तर त्यातले निम्मे कोणी काढलेलेच नव्हते. तेव्हापासून दुसरा साक्षीदार सक्तीचा.

एका रविवारी कानसेन म्हणाले, "मला एक चित्रपट सुचवायचाय. माझ्या मुलीने काढलेला."

कानसेनांना मुलगी होती हे आम्हाला ठाऊक होतं. ती तरुणपणीच रस्त्यावरच्या अपघातात गेली, हेही. त्यापलीकडे कोणी कधी विचारलं नव्हतं.

"एकच काढला तिने," ते म्हणाले. "मूक. माझ्या मुलीने मूक चित्रपट काढावा, म्हणजे बघा. एक खोली आहे, खिडकीशी खुर्ची. जमिनीवर उन्हाचा चौकोन सरकत येतो. तो खुर्चीला लागणार, इतक्यात दोन हात येतात आणि खुर्ची जरा पुढे ढकलतात. परत ऊन येतं, परत हात. दिवसभर. शेवटी भिंत लागते. खुर्चीला जायला जागाच उरत नाही."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग ऊन येतं."

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "प्रत आहे?"

"एकच होती. माळ्यावर ओल लागून विटेसारखी झाली. उलगडायला गेलो तर तुकडे पडले." कानसेनांनी कानामागे बोट फिरवलं. "तिने तो मला माझ्या कामाच्या खोलीत दाखवला होता, भिंतीवर. बघणारा मी एकटा. आता झालंय असं, की मला विसरायला होतंय. तपासण्या झाल्या, नाव पण आहे त्या आजाराला, तेही मी विसरलो." हा विनोद होता, म्हणून आम्ही हसलो. "चित्रपट संपल्यावर तिने दिवा लावला आणि विचारलं, कसा वाटला. मी काहीतरी म्हणालो. त्याच आठवड्यात ती गेली. काय म्हणालो, ते आठवत नाही. चित्रपटाविषयी चार लोक बोलले, तर तिथपर्यंत पोचेन असं वाटलं."

बाईंनी नियम सांगितला नाही. सांगायची गरजही नव्हती. कानसेन स्वतःच म्हणाले, "पण साक्षीदार नाही. जाऊ द्या."

"मी पाहिलाय," डॉक्टर म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई चष्मा पुसू लागल्या.

"पाहिलाय म्हणजे काय, चांगला लक्षात आहे," डॉक्टर म्हणाले. थाप मारणारा माणूस थांबत नाही. "ती खुर्ची डावीकडे सरकत जाते, तेव्हा काय वाटतं म्हणून सांगू..."

"उजवीकडे," मी म्हणालो.

देवाशपथ सांगतो, मला त्या चित्रपटातलं ओ की ठो माहीत नव्हतं. डॉक्टर डावीकडे म्हणाले, एवढंच मला पुरेसं होतं.

कानसेनांचा चेहरा उजळला. "उजवीकडेच. बरोबर. तुम्ही पण पाहिलात?"

बैठक संपल्यावर मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "कधी पाहिलात हो?"

"कुठला पाहतोय. त्यांचं तोंड बघवेना. आणि तुम्ही?"

"तुम्ही डावीकडे म्हणालात म्हणून मी उजवीकडे म्हटलं."

डॉक्टर हसले. मग त्यांचं हसू थांबलं. कठड्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पण ती उजवीकडेच सरकते. तुम्ही म्हणालात आणि मला दिसलं."

मी त्यांना घरी जाऊन झोपा म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी आम्ही बसलो, आणि कोणी काही सुरू करायच्या आत बाई बोलल्या. "खुर्चीच्या पाठीवर एक टॉवेल आहे." त्यांच्या हातात चष्मा नव्हता, तो डोळ्यांवर होता. "मी हा चित्रपट पाहिलेला नाही. कसा पाहणार? पण काल भाजी निवडताना आठवलं. हात खुर्ची ढकलतात तेव्हा टॉवेल घसरतो आणि ते हात तो परत नीट ठेवतात. हिरवा आहे."

"चित्रपट काळापांढरा आहे," मी म्हणालो. म्हणालो, आणि मलाच कळेना की हे मला कोणी सांगितलं.

"असेल. पण टॉवेल हिरवा आहे."

"आमच्याकडे होता हिरवा टॉवेल," कानसेन म्हणाले. "तिचाच." मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "चित्रपटात होता का तो?"

त्यानंतरचे रविवार मला सलग आठवतात, पण त्यांत कानसेनांचा आवाज कमी कमी होत गेलेला. आम्ही वाद घालत होतो, नेहमीसारखाच. पहिला हात डावा येतो की उजवा. खुर्चीचा एक पाय आखूड आहे की जमीनच उताराची. मी डॉक्टरांना खोडून काढायचो, डॉक्टर मला, बाई दोघांना. एकाने सांगितलं की दुसऱ्याला दिसायचं, आणि ते तसंच असायचं. दिसलेलं नाकारता येत नव्हतं. आणि आमच्यापैकी कोणी काही नवं सांगितलं की कानसेन पुढे वाकून विचारायचे, "असं आहे? मग?" पहिल्या दिवशी उन्हाच्या चौकोनाविषयी त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. आता ते विचारत होते, "ऊन कुठून येतं?"

बाईंच्या हे आधी लक्षात आलं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आपण आठवतो तेवढं त्यांच्याकडून जातंय. थांबायला हवं."

"थांबलो तर शेवटापर्यंत कसे पोचणार? त्यांना शेवट हवाय."

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग चित्रपटाच्या बाहेरचं आठवू लागलं. उजव्या कानाशी प्रोजेक्टरची घरघर. फिल्म जोडायच्या चिकटद्रव्याचा वास. हातातला चहा, निवलेला. बूड टेकायला एक बसकं स्टूल. एकदा बोलता बोलता डॉक्टर डावा गुडघा चोळत होते.

"गुडघा कधीपासून धरलाय?" मी विचारलं.

"माझा नाही धरत," डॉक्टर म्हणाले. "तिथे बसलं की दुखतो."

कानसेनांनी दोन्ही पाय ताठ लांब केले आणि आश्चर्याने म्हणाले, "माझा थांबलाय बघा. कितीतरी वर्षांनी."

ज्या रविवारी शेवट आला त्या दिवशी भिंतीवरून दाढेचं चित्र आम्ही उतरवलं नव्हतं. दाखवायला काही नव्हतंच. आम्ही नुसते बसलो होतो.

खुर्ची भिंतीला टेकलेली होती. ऊन पायांवर आलं, बैठकीवर आलं, टॉवेलवर आलं. हात आले आणि या वेळी त्यांनी खुर्ची ढकलली नाही. ते पाठीवर टेकून राहिले. ऊन हातांवरही आलं. भिंत पांढरी झाली.

दिवा लागला.

ती बटणाशी उभी होती. केस रबराने बांधलेले, बोटांच्या टोकांना चिकटद्रव्य वाळून पापुद्रा आलेला. ती भिंतीकडे बघत नव्हती. चित्रपट चालू असतानाही ती भिंतीकडे बघत नसावी. ती माझ्याकडे बघत होती.

"कसा वाटला, बाबा?"

मी लग्न केलेलं नाही. मला बाबा म्हणून आजवर कोणी हाक मारलेली नाही. तरी मी मान वर केली.

आणि मी म्हणालो, "आवाज असता तर बरं झालं असतं."

माझ्याच आवाजात म्हणालो. चहाचा कप खाली ठेवता ठेवता.

ती "हं" म्हणाली. पाठ वळवून रीळ गुंडाळायला लागली. रीळ गुंडाळताना तिची मान खाली होती. बस. एवढंच.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. बाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. त्या दोघांनीही तेच म्हटलं असणार, विचारायची गरज नव्हती.

"पोचलात ना?" कानसेन म्हणाले. त्यांना चेहरे वाचता येत नसत, पण श्वास ऐकू येत. "दिवा लागला ना? काय म्हणालो मी?"

डॉक्टरांनी हातांवरची नजर उचलली. "छान म्हणालात."

कानसेन माझ्याकडे वळले. का ते मला समजत होतं. डॉक्टरांचं म्हणणं मी कधी टिकू देत नसे.

"डॉक्टर बरोबर सांगताहेत," मी म्हणालो. "छान म्हणालात. दोनदा."

"आणि ती?"

बाईंनी चष्मा काढला नाही. "हसली," त्या म्हणाल्या.

कानसेन मागे टेकले. लोखंडी पट्टीने जोडलेली सगळी रांग जराशी हलली. बराच वेळ त्यांनी रुमाल तोंडावर धरला होता. जाताना त्यांनी डॉक्टरांचा, बाईंचा, माझा हात हातात घेतला आणि ते जिना उतरले. वाद न होता एखादा चित्रपट सर्वोत्तम ठरायची मंडळात ती पहिलीच वेळ.

पुढच्या रविवारी ते वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा ताजातवाना, चार लोकांत गप्पा मारायला आलेल्या माणसाचा. आम्ही तिघं मात्र आठवडाभर झोपलो नव्हतो. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण डोळे दिसत होते.

"कुठल्या चित्रपटाचं चाललंय?" कानसेनांनी विचारलं.

बाईंनी सांगितला. खोली, खिडकी, खुर्ची, सरकत येणारं ऊन, ते हात. कानसेन डोळे मिटून ऐकत होते.

"वा," ते म्हणाले. "आणि आवाज नको बरं का त्यात. मी जन्मभर आवाजाचं काम केलं, म्हणून सांगतो. एवढासा जरी आवाज घातला ना, तरी सगळं बिघडेल. काढणाऱ्याला सांगा, हात लावू नकोस म्हणावं."

डॉक्टर उठून खिडकीशी गेले.

"कोणी काढलाय?"

"एका मुलीने," बाई म्हणाल्या.

"हुशार आहे. आता काय करते?"

"गेली ती."

"अरे अरे." कानसेनांनी डोळे उघडले. "कोणाची मुलगी?"

आम्ही तिघं एकदमच बोललो.

"माझी."

कानसेनांनी एकेकाकडे पाहिलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते उठले, डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवून आले, बाईंच्या समोर क्षणभर मान लववून उभे राहिले. मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि दुःखात असलेल्या माणसाचा धरतात तसा माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"फार वाईट झालं हो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "शेवटचं बोलणं तरी नीट झालं होतं ना तुमचं?"