झोप झाल्यावर सांगा

"आता हिला उठवायचं कसं?"

कुणीतरी माझ्या डोक्याशी उभं राहून स्वतःशीच बोलत होतं. मराठीत. त्यामुळे आपण घरीच आहोत असं वाटून मी मान दुसऱ्या बाजूला टाकली आणि पुटपुटले, "आई, थोडा वेळ गं..."

आवाज एकदम बंद झाला. मग अगदी हळू आला, "मी आई नाही. मी ट्राम चालवतो."

मी खाडकन डोळे उघडले. ट्राम रिकामी होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि खिडकीच्या काचेवर गुलाबी पाकळ्या चिकटल्या होत्या. समोर गणवेशातला एक उंच माणूस उभा होता. हातात टोपी, आणि चेहऱ्यावर माझ्याहून जास्त गोंधळ.

"तुम्ही मराठी...?" मी विचारलं.

"तुम्ही पण? मी तर इथे मनातलं सगळं मोठ्यानं बोलतो. कुणाला कळत नाही म्हणून."

"दिवसभर?"

"दिवसभर. बऱ्याच जणांचा उद्धार होतो." तो हसला. "हा शेवटचा थांबा आहे. तुम्हाला कुठे उतरायचं होतं?"

कुठे उतरायचं होतं ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. ते आमच्या 'नकाशा'ला ठाऊक होतं. नकाशा आणि बडबडी या माझ्या दोघी मैत्रिणी. आम्ही तिघी याच परक्या देशातल्या दुसऱ्या एका गावातल्या वृद्धाश्रमात नर्स. वर्षभर रजा जुळली नव्हती. वसंतात या शहरात सगळीकडे झाडं फुलतात म्हणून दोघींनी मला जवळजवळ ओढतच आणलं होतं. सकाळपासून पूल पाहिले, चौक पाहिले, प्रत्येक फुललेल्या झाडाखाली फोटो काढले. फोटोत मी सगळीकडे डोळे मिटलेली. मग ट्राममध्ये बसले आणि... बहुधा त्या दोघी मोठ्या चौकात उतरल्या, आणि प्रत्येकीला वाटलं मी दुसरीबरोबर आहे.

फोन केला तर बडबडीनं माझ्या सात पिढ्या काढल्या. "तिथेच थांब, हलू नकोस," असं सांगून फोन ठेवला.

"हलायचं आहे थोड्या वेळानं," ट्रामवाला म्हणाला. "हीच गाडी परत चौकात जाते. तोवर माझी चहाची सुट्टी. घेणार?"

त्यानं थर्मासच्या झाकणात मला चहा दिला आणि स्वतः थर्मासमधूनच प्यायला लागला. समोरच्या सीटवर बसला, पण थोडा तिरका, म्हणजे मला अवघडायला नको. चहा कडू झाला होता. मी तो सगळा प्यायले.

"सुट्टीवर आलेलं माणूस इतकं दमलेलं मी पाहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"माणसं उचलते दिवसभर. म्हणजे आजी-आजोबांना. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. आणि तुम्ही?"

"मी पण तेच. फक्त माझी माणसं आपापली चढतात-उतरतात. आणि त्यांना माझी नुसती पाठ दिसते."

"पाठ बरी असेल मग."

हे मी म्हणाले? मी झाकणात डोळे घातले. कान लाल झाले होते त्याचे.

तेवढ्यात फोन वाजला. मावशी. मी तो वाजू दिला, आणि थांबला तेव्हा उलटा करून मांडीवर ठेवला.

"घ्या ना. मी बाहेर जातो."

"नको. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय तिला. उद्याच देईन."

अनोळखी माणसाला कधीकधी सगळं सांगून टाकता येतं. कारण त्यानंतर तो भेटणार नसतो. मावशीनं एक स्थळ आणलं होतं. तिच्या दिरांच्या ओळखीतलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, बोलायला सौम्य. व्हिडिओवर आमचं बोलणंही झालं होतं. आई दादा-वहिनीकडे राहते, तिला माझं एकदा मार्गी लागलेलं बघायचंय. नाही म्हणावं असं काही म्हणजे काही नव्हतं.

"आणि हो म्हणावं असं?" त्यानं विचारलं.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. "मी थकलेय हो. ड्यूटी, खोली, ड्यूटी. हो म्हटलं की निदान हे विचारणं तरी थांबेल."

त्यानं थर्मासचं बूच घट्ट लावलं.

"माझं लग्न झालं होतं," तो म्हणाला. "मी इथे नवीन होतो, एकटेपणाला कंटाळलेलो. तीही तिच्या घरच्या कटकटीला कंटाळलेली. दोघांनी हो म्हटलं आणि सुटलो म्हणालो. वाईट ती पण नव्हती, मी पण नव्हतो... पण दोन दमलेली माणसं एका घरात आणून ठेवली की कुणी कुणाला पाणी द्यायचं, तिथपासून सुरुवात होते. ती परत गेली. आता तिचं छान चाललंय." मग तो उठला, टोपी घातली. "तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा. मला काय अधिकार... पण झोप झाल्यावर सांगा."

चौकात दोघी छत्रीखाली उभ्या होत्या. बडबडी मला बोलायला म्हणून चढली आणि ट्रामवाल्याला मराठीत "सावकाश उतरा" म्हणताना ऐकून जागीच थांबली. पुढच्या मिनिटभरात तिनं त्याचं गाव, वय आणि उद्या सुट्टी आहे हे सगळं काढून घेतलं.

"मग उद्या आम्हाला शहर दाखवा," ती म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना," बडबडी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं आणि नकाशाचं अचानक संग्रहालय बघायचं ठरलं. मला यायची गरज नव्हती म्हणे.

तो साध्या कपड्यांत आला. स्वेटर, हातात छत्री, दाढी करताना हनुवटीला कापलेलं.

"काय बघायचंय?" त्यानं विचारलं.

"खरं सांगू? काहीही नाही."

"मग ते मला दाखवता येईल."

नदीच्या एका वळणावर उतार होता. पर्यटक तिथवर येत नसावेत, कारण तिथे खरोखरच काही नव्हतं. गवत, फुललेल्या झाडांची एक रांग आणि लाकडी आरामखुर्च्या. ऊन पडलं होतं, अजून कोवळं. आम्ही शेजारी शेजारी बसलो. थोडं बोललो... मग बोलणं कधी संपलं ते मला कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. मान दुखत नव्हती, छातीत ती नेहमीची घाई नव्हती. आणि मला शहर दाखवायला आलेला मनुष्य शेजारी तोंड उघडं टाकून बारीक घोरत होता. त्याच्या कानामागे दोन-तीन केस पांढरे होते. एक पाकळी भुवईवर येऊन बसली होती. ती काढावी म्हणून मी हात पुढे केला... आणि मागे घेतला.

मग मावशीला फोन लावला.

"मावशी, माझं उत्तर 'नाही' आहे."

"नाही म्हणजे? अगं, काय कमी आहे त्याच्यात?"

"काहीच नाही. मीच दमून हो म्हणणार होते. ते त्याच्यावर अन्याय होईल."

मावशीनं आवाज खाली आणला. "तिकडे कुणी आहे का?"

मी शेजारी पाहिलं. "आहे की नाही ते माहीत नाही. पण असला काय, नसला काय, हे उत्तर तेच राहणार."

"आईला तू सांग हं. मी नाही सांगायची," मावशी म्हणाली. आणि ठेवताना, "जेवत जा नीट. आवाज बरा वाटतोय तुझा आज."

फोन खाली ठेवला तर घोरणं थांबलेलं. डोळे मात्र मिटलेले.

"मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला.

"कुठपर्यंत नाही ऐकलं?"

"आहे की नाही ते माहीत नाही... तिथपर्यंत."

मला हसू आवरेना. त्यानं डोळे उघडले, पण वर झाडाकडेच बघत राहिला.

"मी काही फार मोठं देऊ शकेन असं नाही," तो म्हणाला. "पहाटे उठतो. संध्याकाळी पाय सुजतात. स्वयंपाक बेताचा. एकदा चुकलोय, त्यामुळे भीती वाटते. पण तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो... आहे. कुणीतरी आहे, असं धरून चाला."

नदीवरून वारा आला आणि आमच्या दोघांच्या अंगावर पाकळ्या सांडल्या. मग मी हात पुढे केला आणि त्याच्या भुवईवरची ती पाकळी काढली.

"मला वेळ लागेल," मी म्हणाले.

"लागू दे. मला घाई असते ती फक्त कामावर."

दुपारी स्टेशनवर बडबडीनं आणि नकाशानं आमच्याकडे पाठ करून सामान चढवायला कितीतरी वेळ लावला. पोचलं की कपडे धुवायचे होते, सकाळी पुन्हा तीच ड्यूटी, तीच जड माणसं. थकवा कुठे गेला नव्हता. तो खांद्यावर येऊन बसायला लागलाच होता.

"पुढच्या सुट्टीला मी येतो," तो म्हणाला. "चालेल?"

"पाच तासांचा प्रवास आहे. दमून याल."

"येईन."

शिट्टी झाली. मी दारात चढले. तो दोन पावलं गाडीबरोबर चालला, मग थांबला.

"पोचलीस की कळव," तो म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच दचकला. दुरुस्त करावं म्हणून तोंड उघडलं त्यानं. गाडी हलली होती.

मी दारातून वाकले आणि ओरडून सांगितलं, "कळवते. तू जेवून घे."