पाटोळेंचा हात

केतकी एक्सप्रेसवेवर गाडी चालवत होती, वर गुणगुणतही होती. शेजारी बसलेला तिचा नवरा हेरंब आतल्या आत जळत होता.

दोन महिन्यांपूर्वी हीच बाई हायवे लागला की डोळे मिटून त्याचं मनगट धरायची. बाजूने कंटेनर गेला की नखं रुतायची. हेरंबला ते आवडायचं. मग तिने सरावरोपण करून घेतलं.

त्यातली गोम अशी. सायकल आपण विचार करून चालवत नाही. तो सराव डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत मुरलेला असतो. आता एकाचा मुरलेला सराव दुसऱ्याच्या मेंदूत उमटवता येतो. केतकीत होता तो लहू पाटोळेंचा. जन्मभर मुंबई-पुणे टॅक्सी चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. ते गेले, सराव राहिला.

मागून एक गाडी हॉर्न बडवत आली. केतकीने शांतपणे लेन सोडली.

"जा बाबा, ताट वाढून ठेवलंय तुझं."

"हे कुठून शिकलीस?"

"काय कुठून?" तिला आपण बोललो हेच कळलं नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला. केतकीनेही मारला, आणि तिचा डावा हात हेरंबच्या छातीवर आडवा आला. घट्ट, सवयीचा, पुरुषी.

दुसऱ्या दिवशी तो रोपण करणाऱ्या डॉ. मुकादमांसमोर बसला.

"मॅडम, ब्रेक मारला की तिचा हात माझ्यासमोर आडवा येतो, तो कसला?"

"गाड्यांना सीटबेल्ट नव्हते तेव्हाची सवय. ब्रेक दाबला की शेजारच्याला अडवायचं. ब्रेकच्या सरावात ती विणलेली असते, वेगळी काढता येत नाही."

"त्यांच्या शेजारी कोण बसायचं?"

"बायको, असं सांगायचे. आवडती जागा होती तिची."

हेरंब खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "मलाही पाटोळेच द्या."

"तुम्हाला तर उत्तम गाडी येते. आणि दुसरे चांगले चालक आहेत आमच्याकडे."

"नको. तिला हेच पटलेत ना?"

रविवारी स्टिअरिंग हेरंबकडे होतं. घाट उतरताना पुढचा टँकर अचानक थांबला. हेरंबला सुचायच्या आत ब्रेक लागला होता आणि डावा हात केतकीसमोर आडवा होता.

केतकीने तो दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले. किती दिवसांनी.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं गाडी चालवलीस, असा हात एकदाही नाही घातलास."

हेरंबने हाताकडे पाहिलं. घड्याळ त्याचं, अंगठ्याजवळचा तीळ त्याचा. आणि ती त्याला गाल लावून बसली होती.

त्याने हात मागे ओढायला पाहिलं. पुढचा रस्ता मोकळा होईपर्यंत हात हलला नाही.